सुभेदारसाहेबांना सुचवलेलं पुस्तक

नवे जावई सासुरवाडीत काय काय उद्योग करून ठेवतात. कोणी सासऱ्यांचा ट्रॅक्टर पाटात घालतो, कोणी सगळे नको नको म्हणत असताना मारक्या बैलाच्या पाठीवर हात ठेवतो. राजसने यातलं काहीही केलं नाही. त्याने सासऱ्यांना फक्त एक पुस्तक सुचवलं. (बैल परवडला असता, असं त्याला आता वाटतं.)

त्याचं असं झालं. लग्नानंतर तो पहिल्यांदाच रेश्माच्या माहेरी गेला होता. साताऱ्यापासून अर्ध्या तासावरचं हे गाव ऊस आणि फौजी अशी दोनच पिकं घेतं, आणि दोन्ही जोमात घेतं. जेवणं झाली आणि सासरे-जावई ओसरीवर समोरासमोर बसले. सासरे नाथाजी सुभेदार म्हणून निवृत्त झालेले; बसले तरी उभे असल्यासारखे दिसायचे. जावई सांगलीचा, कुपवाडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. उभा राहिला तरी बसल्यासारखा दिसायचा. रेश्मा त्याच कारखान्यात अकाउंट्सला होती, तिथेच जमलं होतं. नाथाजींनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. पण 'हो' म्हणताना त्यांनी मुलीकडे बघितलं होतं, मुलाकडे नाही. तेव्हापासून ते त्याला 'पाव्हणं' म्हणत, आणि पाहुण्याला विचारतात तेवढंच विचारत. राजसला फार काही नको होतं. या माणसाने आपल्याबद्दल चारचौघांत एक चांगला शब्द बोलावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पावसाचं बोलून झालं. उसाचं बोलून झालं. व्हॉल्व्हचंही बोलून झालं. (व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद होतो, त्यापुढे विषय जात नाही.) मग अशी शांतता पसरली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

तेव्हा राजसने ठेवणीतलं अस्त्र काढलं. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पुस्तकं सुचवण्यासाठी प्रसिद्ध होता. कोणी विचारलं तर पाच मिनिटांत सुचवायचा, नाही विचारलं तर दोन मिनिटांत. त्यातली स्वतः किती वाचलीस, हे त्याला ग्रुपवर कोणी विचारलं नव्हतं. कारण सुचवलेलं पुस्तक वाचायचा प्रसंग त्या ग्रुपवर आजवर कोणावरच आला नव्हता.

"मामा, लढाईवरची पुस्तकं वाचता की नाही?"

"न्हाई. का?"

"त्यात एक गंमत असते. सेनापतीनं लिहिलं तर चूक दिल्लीची असते. शिपायानं लिहिलं तर चूक सेनापतीची असते. थंडी मात्र दोघांच्याही पुस्तकांत सारखीच पडते."

वाक्य चांगलं होतं. (आणि चक्क राजसचं स्वतःचं होतं.) नाथाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "मग आमी काय वाचावं म्हंता?"

या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं मत विचारलं होतं. 'घरी जाऊन कळवतो' म्हणाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण राजस खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "'धुक्यातली चौकी'. एका कर्नलसाहेबांच्या आठवणी आहेत. वाचलंच पाहिजे असं पुस्तक!"

हे पुस्तक राजसने बघितलं होतं. म्हणजे मोबाइलवर त्याचं मुखपृष्ठ बघितलं होतं. त्यावर धुकं होतं, चौकी होती. आत काय असणार याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

आता 'वाचलंच पाहिजे' हे शब्द. सांगलीत हे कोणी म्हणालं की ऐकणारा 'हो, हो, नक्की' म्हणतो आणि दोघं चहाला जातात. नाथाजींची उमेदीची वर्षं मात्र अशा ठिकाणी गेली होती, जिथे 'केलंच पाहिजे' म्हणजे केलंच पाहिजे.

आठवड्याभरात फोन आला.

"पाव्हणं, पुस्तक घावलं. मुदत किती?"

"मुदत कसली, मामा? सवडीनं वाचा की."

"सवड म्हंजी कंची तारीख?"

राजसने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाकली. "अधिक महिना लागेपर्यंत... चालेल?"

"ठीक हाय," म्हणून फोन ठेवला गेला.

पुढच्या बातम्या रेश्माच्या आईकडून, चंद्राबाईंकडून येऊ लागल्या. हुकूम जावयाचा असला तरी तो एकट्याने पाळणं नाथाजींना पटेना. गावातल्या मारुतीच्या देवळामागे माजी सैनिकांची एक खोली आहे. एरवी तिथे टीव्ही बघतात. टीव्हीवर फडकं पडलं आणि सकाळी डेअरीला दूध घालून झालं की वाचन परेड सुरू झाली. हजेरी घ्यायला तानाजी हवालदार, जे मिलिटरी पोलिसात होते आणि अजूनही नमस्कार केला तरी ओळखपत्र मागितल्यासारखे बघतात. मोठ्याने वाचायला अर्जुना नाईक, कारण त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जातो. वाचताना जो पेंगेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. उसाला पाणी पाजायची पाळी असेल त्याने आदल्या दिवशी रजा मागायची.

"आगं काय सांगू तुला," चंद्राबाई लेकीला म्हणाल्या, "तुजं आबा काल रातच्याला जेवलंच न्हाईत. पुस्तकात कोन वारलं म्हनं."

"बघ!" राजस रेश्माला म्हणाला. "याला म्हणतात वाचनसंस्कृती. आणि ती कोणी रुजवली?"

रेश्माने फोन चार्जिंगला लावला. ती एरवीही कमी बोलते. लग्नाला तीनचार महिने झाले, तेवढ्यात राजसचा समज झाला होता की तिला आपलं सगळं पटतं.

मग नाथाजींचा दुसरा फोन आला. "अधिक लागला. रेश्माला घिऊन धोंड्याला या. तवाच इन्स्पेक्शनबी उरकू."

"कसलं इन्स्पेक्शन?"

"पुस्तकाचं. ज्यानं हुकूम दिला त्येनंच यिऊन तपासायचं. रीतच हाय ती."

राजस त्याच संध्याकाळी सांगलीतल्या पुस्तकाच्या दुकानात गेला.

"'धुक्यातली चौकी'? संपली," दुकानदार म्हणाला. "वर्षभर धूळ खात पडली होती, साहेब. मागं साताऱ्याकडच्या कुणा सुभेदारांचा फोन आला, होत्या नव्हत्या तेवढ्या प्रती घेऊन गेले. तिकडच्या दुकानातल्या कमी पडल्या म्हणे. कोणीतरी सुचवलंय त्यांना. माणूस मात्र जाणकार असणार."

"असणार," राजस म्हणाला. "नवीन कधी येईल?"

"दिवाळीनंतर."

घरी आल्यावर रेश्माने विचारलं, "आईला सांगून तिकडचीच एक प्रत मागवू?"

"आणि सांगशील काय? सुचवणाऱ्याकडंच पुस्तक नाही?"

"सांगीन की, नाही वाचलेलं म्हणून. खरं तर तेच आहे."

राजसने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने लढाईच्या ऐन मध्यात पांढरा रुमाल हलवला होता.

त्याला मार्ग सापडला तो एसटीत, कराडच्या अलीकडे. तो एकदम ताठ बसला. "अगं, इन्स्पेक्शन करणाऱ्याला उत्तरं यावी कशाला लागतात? त्यानं नुसते प्रश्न विचारायचे! आपल्या कारखान्यात ऑडिटला येतात, त्यांना व्हॉल्व्ह कशाशी खातात हे तरी माहीत असतं का?"

"नसतं," रेश्मा म्हणाली. ऑडिटवाल्यांना चहा आणि फायली तीच पुरवायची. "पण मी काय म्हणते, त्या पुस्तकातला मुख्य जो आहे ना, तो..."

"नको! काही सांगू नकोस. परीक्षकाचं मन कोरं हवं."

"कोरं आहेच," रेश्मा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

धोंड्याचं जेवण ही जावयाची पूजा असते म्हणतात. खरं तर ती परीक्षा असते, आणि तिला तोंडीच बसावं लागतं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, आणि चंद्राबाईंच्या स्वयंपाकघरात 'नको' हा शब्द कोणाला समजत नाही. "आवं घ्या की, एवढ्यानं काय हुतंय," म्हणत एकेक धोंडा ताटात पडत राहिला. पानावरून उठवायला राजसला मेव्हण्यांनी हात दिला. हात धुताना रेश्मा पुन्हा जवळ आली. (गावात ती त्याला 'अहो' म्हणायची.)

"अहो, एक मिनिट ऐका..."

"आता नाही. पोटात जागा नाहीये."

"कानात आहे ना?"

पण तोवर बाहेरून हाक आली होती.

माजी सैनिकांच्या खोलीत सगळे रांगेत उभे होते. धुतलेले सदरे, डाव्या बगलेत खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. टेबलावर धुवट चादर, तिच्यावर नारळ. राजसच्या डोक्याला फेटा बांधला गेला. नाथाजींनी टाच आपटून रिपोर्ट दिला, "समद्यांचं वाचन पुरं झालंय. एक गडी तापानं झोपलाय, एक उसाला पाणी पाजायला गेलाय, बाकीचं हजर." मग मंडळींकडे वळून ते म्हणाले, "ह्येच आमचं जावई. ह्येंनीच सांगितलेलं पुस्तक." त्या आवाजात, बारकाईने ऐकलं तर, अभिमानासारखं काहीतरी होतं. राजस बारकाईनेच ऐकत होता.

दारात बायका जमल्या होत्या. पुढे चंद्राबाई, त्यांच्या मागे रेश्मा.

सगळे खाली बसले. राजसने टेबलामागच्या खुर्चीत बसून घसा साफ केला. "तानाजीराव, तुम्हांला कोणता प्रसंग आवडला?"

तानाजी हवालदार ताडकन उठले. "साहेब, बर्फात वाट बुजली, समदी माघारी फिरली, आन बहादूर एकला पाठीवर दारूगोळा घिऊन वरल्या चौकीला पोचला, त्यो!"

"उत्तम." राजसच्या हातात आता एक नाव आलं होतं. "अर्जुनाराव, बहादूरचा कोणता गुण तुम्हांला मोठा वाटतो?"

"कुरकुर न्हाई, साहेब. किती वज्जं घाला, हूं की चूं न्हाई. मिळंल त्ये खायाचा. उभ्या उभ्या झोपायचा."

"उभ्या उभ्या!" राजस गहिवरला. "आणि आपण गादीवर पडून पाठ दुखते म्हणतो."

"आन कर्नलसाहेबांचा पाय मोडला तवा," मागून एकजण म्हणाला, "बहादूरनंच त्येंला पाठीवर घालून खाली आणलं. कर्नलसाहेब वाचलं, पर बहादूर..." पुढचं त्याला बोलवेना. नाथाजींनी खाली बघितलं.

इथे राजसने 'शाबास, चहा घ्या' म्हटलं असतं, तर तो आज त्या गावचा सन्माननीय जावई असता. पण समोर एवढी माणसं, डोक्याला फेटा आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी! तो भाषणाला उभा राहिला.

"मित्रहो, बहादूर कोण होता? तुमच्या-आमच्यासारखाच एक साधा जीव."

खोलीत जराशी चुळबुळ झाली.

"मी तर म्हणतो, इथं बसलेल्या प्रत्येकात एक बहादूर आहे."

चुळबुळ वाढली. दारातून रेश्मा मान हलवत होती. तिलाही भरून आलं असावं, असं राजसला वाटलं.

"प्रत्येक आईनं देवाकडं असाच मुलगा मागावा! उद्या आमच्या घरी पाळणा हलला, तर माझी एकच इच्छा आहे. येणारं बाळ बहादूरसारखं व्हावं. रूपानं आणि गुणानंही!"

चंद्राबाईंनी पदर तोंडात कोंबला. रेश्मा छताकडे बघू लागली.

"फक्त एक उणीव सांगतो," राजस म्हणाला. (एखादी उणीव काढल्याशिवाय जाणकार जाणकार वाटत नाही, हे त्याला ग्रुपवर कळलं होतं.) "लेखकानं बहादूरच्या घरच्यांबद्दल काही लिहिलं नाही. त्याच्या मागं त्याच्या मुलाबाळांचं काय झालं?"

तानाजी हवालदारांनी हात वर केला. "साहेब, त्येला प्वारं व्हत न्हाईत."

"अरेरे," राजसचा आवाज खाली आला. "चालायचंच. अशा गोष्टीत कुणाचा दोष नसतो. पण निदान वडिलांबद्दल तरी चार ओळी..."

"त्येचा बाप गाढव हुता, साहेब."

राजसने टेबलावर मूठ आपटली. नारळ घरंगळला. "हे मी खपवून घेणार नाही, हवालदार! एवढ्या शूर जिवाच्या वडिलांना तुम्ही..."

"आय घोडी हुती," अर्जुना नाईकांनी माहिती पुरवली.

"आता त्याच्या आईवर गेलात?"

तेव्हा दारातून रेश्माचा शांत, स्वच्छ आवाज आला. "अहो. खेचर आहे ते."

खोलीत कोणी हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं. महिनाभर ज्याच्या शब्दावर ही माणसं पहाटेच्या धारा आटोपून पळत आली, ज्यांनी डुलकी लागल्याबद्दल सगळ्या खोलीचा चहा केला, ती सगळी आधी राजसकडे आणि मग नाथाजींकडे बघत होती. नाथाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडरवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तानाजी हवालदार सावकाश पुढे आले. त्यांनी राजसला खुर्चीत बसवलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय एकदम जागी झाली होती.

"नाव?"

"राजस."

"हुद्दा?"

"डिस्पॅच क्लार्क."

"नंबर?"

राजसने घाबरून कारखान्याच्या गेटपासचा नंबर सांगितला.

"चौकी वढ्याच्या अंगाला हुती का उताराच्या?"

राजसने फेटा सावरला.

"कर्नलसाहेबांचा कंचा पाय मोडला?"

राजसने स्वतःच्या दोन्ही पायांकडे बघितलं.

"बहादूरला गूळ कोन चारायचं? रेडिओ कशानं बंद पडला? शेवटाला कर्नलसाहेबांनी काय काढलं?"

"दवाखाना?" असं राजसच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्याने गिळलं. (त्यांनी गुलाबाची नर्सरी काढली होती, हे त्याला मागाहून कळलं.) फेट्याखालून घामाचा ओघळ आला, नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि पडला. पोटात धोंडे होते. तोंडातून अक्षर फुटेना.

"बास!" नाथाजी उठले. खोली आपोआप सावधान झाली. ते राजसच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"जवान दुश्मनाच्या कैदेत घावला, तर त्येनं किती सांगायचं?"

"नाव, हुद्दा, नंबर, साहेब!" सगळे एका आवाजात म्हणाले.

"पाव्हण्यांनी किती सांगितलं?"

"नाव, हुद्दा, नंबर, साहेब!"

"आन म्होरं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "म्होरं कायबी न्हाई, साहेब."

"तुमी इतकी जणं, त्ये एकलं. त्यात पोट तट्ट भरल्यालं. हवालदारासारखा गडी छाताडावर बसला, तरी त्येंच्या तोंडातनं एक अक्षर भाईर पडलं न्हाई. वाजवा टाळ्या."

टाळ्या पडल्या. आधी जरा चाचपडत, मग जोरात. अर्जुना नाईकांनी तर शिट्टी मारली. तानाजी हवालदारांनी दोन पावलं मागे जाऊन कडक सलाम ठोकला. एवढ्या माणसांसमोर, सगळ्या गावासमोर, नाथाजी त्याच्याबद्दल चांगलं बोलले होते. राजसची छाती फेट्याबरोबर फुगली.

परतीच्या एसटीतही छाती उतरली नव्हती. मांडीवर खाकी कव्हरातलं पुस्तक होतं. नाथाजींनी आपली स्वतःची प्रत दिली होती, आणि मुदत सांगितली नव्हती. राजसने ते उघडलं, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि मिटलं.

"ऐकलंस ना मामा काय म्हणाले? एवढ्या सगळ्यांसमोर!"

"ऐकलं," रेश्मा म्हणाली.

"मला वेळ मारून नेल्यासारखं नाही वाटलं. मनापासून बोलले ते. हो ना?"

"मनापासूनच. नंतर आत येऊन आईलाही तेच सांगत होते."

"काय सांगत होते?" राजस तिच्याकडे वळला. "त्यांच्याच शब्दांत सांग."

रेश्माने जरा आठवल्यासारखं केलं.

"म्हणाले, 'जावयाची अजाबात काळजी न्हाई. उद्या दुश्मनानं धरून न्हेला, तर आत कायबी घावंना म्हून दोन दिसात कटाळून त्येच येष्टीचं भाडं हातावर ठिवून माघारी लावून देतील.'"